मावशींचं झिनफंडेल

मावशींनी आम्हाला अर्धं घर भाड्याने दिलं ते माझ्या माहेरामुळे.

नवऱ्याला स्टॉकटनला नोकरी लागली तेव्हा आम्ही फ्रीमाँटला त्याच्या मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून राहत होतो. तिथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी सांगितलं, की स्टॉकटनच्या पुढे एक मराठी बाई राहतात, मूळच्या नागपूरच्या, सरकारी लॅबमध्ये डॉक्टर आहेत. औषधाच्या नव्हे, जंतूंच्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण जरा विक्षिप्त आहेत हं." मी नकाशात गावाचं नाव वाचून लोदी, लोदी म्हणत होते, दिल्लीच्या सुलतानांसारखं. ते दारातच दुरुस्त झालं. "लोडाय म्हणतात," दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या, "आणि तू कुठची?"

मी तासगावजवळची, असं सांगितलं. नवरा भाड्याचं विचारू लागला होता. बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

"घरची बाग आहे?"

"हो. वडिलांची द्राक्षबाग आहे."

"छाटणी येते?"

मी म्हटलं, थोडी येते. त्यांनी आत जाऊन चावी आणली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली. भाडं किती ते आम्हाला महिनाअखेरीला, आम्हीच विचारलं तेव्हा कळलं.

त्यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, जाड काचांचा चष्मा, केसांचा घट्ट बुचडा. अंगावर सुती पातळ, पातळावर लॅबमधला पांढरा कोट आणि पायांत पुरुषी बूट. हा वेश सकाळी लॅबला जायचा आणि संध्याकाळी बागेत. कोट कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "खिसे आहेत ना बापा. पातळाला कुठे खिसे असतात?" एका खिशात कात्री असायची, दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. लॅबमध्येही कात्री खिशातच असायची असं त्यांच्या सोबतचे लोक सांगत.

घरातसुद्धा लॅबचीच शिस्त. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावलेली. दह्याच्या डब्यावर 'दही, खाणे', त्याच्या शेजारच्या तशाच डब्यावर 'दही, खाऊ नये'. दुसऱ्या डब्यात काय आहे ते मी शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यांचा झणझणीत सावजी रस्सा नवऱ्याने पहिल्यांदा खाल्ला तेव्हा त्याला वाटलं, चिठ्ठी वाचायची राहून गेली.

आणि दोन शब्द त्या कुठेही वापरत. पिकू दे. नवऱ्याचं प्रमोशन लांबलं, पिकू दे. माझं घरी पाठवलेलं पत्र पोचलं की नाही कळत नव्हतं, पिकू दे. शेजारणीची मुलगी कॉलेज सोडून बॉयफ्रेंडबरोबर निघून गेली आणि ती बाई रडत आली, तेव्हा मावशींनी तिला चहा दिला आणि इंग्रजीतसुद्धा तेच सांगितलं. त्या बाईला काही कळलं नाही, पण ती रडायची थांबली.

मी त्यांना मावशी म्हणू लागले ते पहिल्या आठवड्यातच. माझा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असलेला, नोकरी करायची सोय नव्हती. नवरा सकाळी ड्राइव्ह करून जायचा आणि मी दिवसभर खिडकीतून बाहेर बघत बसायचे. बाहेर मावशींची बाग होती. चार-पाच एकरांची असेल. पण बाग म्हणायला माझी जीभ रेटेना. आमच्याकडे बाग म्हणजे मांडव, तारा, वर हिरवं छत आणि खाली लोंबणारे घड. इथे मांडव नाही, तार नाही, काही नाही. नुसत्या वाळूत गुडघ्याएवढे उंच, मांडीएवढे जाड, काळे, पिळलेले बुंधे. प्रत्येक बुंधा आपापला उभा, वर चार-सहा आखूड हात फुटलेले. हिवाळ्यात तर ते जळालेल्या झाडांसारखे दिसत. मी मावशींना म्हटलं, यांना आधार का देत नाही?

"काहून द्यायचा? पडून राहिले का ते?"

ही द्राक्षं झिनफंडेल जातीची. काळी, लहान मण्यांची, दाट घडाची, लाल वाइन करायची. अमेरिकेत जवळजवळ सगळ्या वाइनच्या द्राक्षांना दुसऱ्या मुळावर कलम करतात, कारण मुळं खाणारी एक कीड आहे. तिने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागा झोपवल्या आणि मग कॅलिफोर्नियाच्या. पण लोडायच्या वाळूत त्या किडीचं काही चालत नाही. म्हणून मावशींचे वेल लावल्यापासून स्वतःच्या मुळावर होते. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. एरवी त्या जंतूंविषयी बोलतात तसं कोरडं बोलायच्या, पण इथे आल्या की पायाने वाळू उकरून दाखवायच्या, जणू मुळं वरच दिसणार आहेत.

छाटणी मी त्यांच्याकडे नव्याने शिकले. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या, इथे एकच, थंडीत. प्रत्येक काडीवर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे आणि बाकीचं उडवायचं. मी भीत भीत तीन-चार ठेवायचे. मावशी मागून यायच्या, न बोलता जादाचे कापायच्या. एकदा एवढंच म्हणाल्या, की म्हाताऱ्या झाडाकडून फार मागू नये, जे देतं ते चांगलं देतं.

या सगळ्यात एक गोष्ट कोणालाच उलगडत नसे. मावशी वाइन पीत नव्हत्या. घरात थेंब नव्हता. त्या बौद्ध होत्या, नुसत्या नावाच्या नाही. त्यांच्या आईवडिलांनी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला तेव्हा त्या गर्दीत स्वतः होत्या, शाळकरी वयात, पांढरं पातळ नेसून. रोज सकाळी त्या पंचशील म्हणत. पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. ते म्हणून झालं की बूट घालून बागेत जात आणि दारूच्या द्राक्षांवर माया करत.

आंबेडकर जयंतीला बे एरियातली मंडळी त्यांच्या घरी जमत. एकदा डेव्हिसला शिकणारा अमरावतीकडचा एक तरुण आला होता. वेलींना नुकती पालवी फुटली होती आणि सगळे अंगणात जेवत होते. त्याने सरळ विचारलं, "ताई, तुम्ही शील पाळता, मग ही शेती कशी चालते?" मला वाटलं, मावशी आता त्याची हजेरी घेणार. त्यांनी घास संपवला.

"हा प्रश्न मला घर घेतलं त्या दिवसापासून छळून राहिला आहे," त्या म्हणाल्या. "मी पीत नाही, पाजत नाही, आणि हे झाड मला तोडवत नाही. यात काहीतरी खोट आहे हे मला समजतं. उत्तर सापडलं की तुला फोन करीन. तोवर भात घे."

त्या मुलाने भात घेतला. ते दोघं त्या दिवसापासून मित्र झाले.

आडनावावरून माणूस ओळखू पाहणाऱ्यांना मात्र त्या सरळ उत्तर देत नसत. 'मूळच्या कुठच्या' या प्रश्नाला त्यांच्याकडे दर वेळी निराळं उत्तर असायचं. अमेरिकन माणसाने विचारलं तर लोडाय. मराठी माणसाने विचारलं तर "आईच्या पोटातली." एका दिवाळीनंतर मंडळातले काही जण बाग बघायला आले. त्यात एक गृहस्थ होते, पुण्याचे, वाइनमधले जाणकार म्हणवणारे. त्यांनी छाटायला आलेले बुंधे बघून विचारलं, "द्राक्षाची जात कुठली?"

"झिनफंडेल."

"हो, पण मूळची कुठची? फ्रेंच की इटालियन?"

मावशींचा चेहरा उजळला. इतका की मी हातातलं काम थांबवलं.

"ते कोणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "फ्रेंच म्हणतात, आमची नाही. इटलीवाले म्हणतात, बहुतेक आमची. कोणी म्हणतं हंगेरीच्या सरदाराने आणली. कोणी म्हणतं पूर्वेकडे न्यूयॉर्कच्या बाजूला काचेच्या घरात खायची द्राक्षं म्हणून लावत होते, मग सोन्याच्या मागे लोक इकडे आले त्यांच्या सामानात आली. नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, आईबाप माहीत नाहीत. विद्वान लोक शोधून राहिलेत. पण ते शोधेपर्यंत ही काही थांबली नाही. सोनं खोदणाऱ्यांनी हिलाच लावलं, दारूबंदी आली तेव्हा पेट्यांत भरून रेल्वेने हीच देशभर गेली. आज तिच्यावाचून कॅलिफोर्निया सांगता येत नाही. तुम्ही बसा ना, चहा टाकते."

गृहस्थ बसले. पुढे बऱ्याच वर्षांनी शास्त्रज्ञांनी या द्राक्षाचं मूळ एड्रियाटिक समुद्राच्या काठावर शोधून काढलं. तोवर आम्ही न्यू जर्सीला गेलो होतो. बातमी वाचून मावशींना फोन केला. म्हणाल्या, "बरं झालं. पण या वेलांना सांगू नको, उगाच गर्व होईल."

आता एका म्हाताऱ्याबद्दल सांगायला हवं. शेजारच्या घरात एक इटालियन वंशाचे आजोबा राहत, ऐंशीकडे झुकलेले. मावशींचं घर आणि बाग त्यांचीच होती. बायको गेली, मुलं शहरात गेली, तेव्हा त्यांनी अर्धी जमीन मावशींना विकली आणि अर्धी ठेवली. ते मावशींना 'डॉक्टर' म्हणत आणि मावशी त्यांना 'म्हातारबा' म्हणत, तो शब्द आजोबांना आपलं इटालियन नावच बिघडून आलेलं वाटे. दोघांची रोज भांडणं होत, कुंपणाच्या दोन बाजूंनी. पाणी किती द्यावं यावर, पाखरांवर, कशावरही. भांडण झालं की संध्याकाळी आजोबा गॅरेजमध्ये केलेल्या वाइनची बाटली घेऊन येत, मावशी ती परत करत आणि त्यांना पाटवडीचा रस्सा वाढत. ते डोळ्यांतून पाणी काढत खात आणि दुसऱ्या दिवशी परत येत.

आम्ही आलो त्याच्या आदल्या हिवाळ्यात आजोबांनी आपल्या वाट्याचे वेल उपटून टाकले होते. तेव्हा गुलाबी, गोडसर वाइनची हवा होती. झिनफंडेलचीच, पण कोवळ्या द्राक्षांची, रस सालीबरोबर न मुरवता काढलेली. मोठ्या वायनऱ्यांना भरपूर माल हवा होता, तारांवर चढलेले, यंत्राने तोडता येतील असे तरणे वेल हवे होते. जुन्या बुंध्यांचा माल कमी आणि वाकडातिकडा. गावात सगळीकडे ट्रॅक्टर लावून बुंधे ओढले जात होते. बांधावर त्यांचे ढीग पडलेले असत आणि थंडीत लोक ते जाळत. आजोबांची जमीन नंतर तशीच रिकामी राहिली. ते सकाळी कॉफीचा कप घेऊन मावशींच्या बाजूला तोंड करून बसत, आपल्या बाजूला पाठ करून.

आम्हाला येऊन वर्ष होत आलं तेव्हा, ऑगस्टमध्ये, वायनरीचा माणूस आला. दर वर्षी मावशींचा सगळा माल ही वायनरी घ्यायची. माणूस सभ्य होता, टोपी हातात धरून बोलला. त्याने एक घड तोडून पुढे धरला. झिनफंडेलची ही खोडच आहे. एकाच घडात काही मणी हिरवे, काही पिकलेले आणि काही सुकून मनुका झालेले असतात. तो म्हणाला, हा दोष आहे, आमच्या कामाचा नाही. यंदा माल घेता येणार नाही. हिवाळ्यात वेल काढा, पांढरी द्राक्षं लावा, लगेच करार करू. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे.

मावशींनी त्याला चहा पाजला. मग त्याच्या हातातला घड घेतला आणि एक हिरवा, एक काळा आणि एक सुकलेला, असे तीन मणी एकदम तोंडात टाकले. त्यालाही तीन दिले. तो चावत राहिला.

"आंबट, गोड आणि मनुका," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ज्या घरात तीन पिढ्या राहतात तिथे अशीच चव असते. तुम्ही याला दोष म्हणता?"

तो हसला, चहा चांगला होता म्हणाला आणि गेला.

आजोबा कुंपणापाशी उभे राहून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "काढून टाक, डॉक्टर. मी काढले. माणूस मरत नाही." आणि मान वळवली. मावशी त्या वेळी एकदाच मोठ्याने बोलल्याचं मला आठवतं. म्हणाल्या, "मेला नाही, पण रोज सकाळी इकडे बघत बसतो. मी कोणाकडे बघू?"

आजोबा घरात निघून गेले. मावशी तिथेच वाळूत बसल्या. मी जवळ गेले, तर म्हणाल्या, की लॅबची नोकरी आहे, उपाशी कोणी मरणार नाही, प्रश्न तो नाही. हे वेल एक वर्ष विकले गेले नाहीत तर दुसऱ्या वर्षी कोणी छाटणार नाही, आणि तिसऱ्या वर्षी लोक म्हणतील, हे कशाला ठेवलेत.

मग त्यांनी गॅरेजमधलं एक जुनं दार बाहेर काढलं आणि त्यावर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: झिनफंडेल, स्वतःच्या मुळावर, या आणि स्वतः तोडा. ते दार रस्त्याच्या कडेला उभं केलं. तेव्हा घरी वाइन करणारे लोक पुष्कळ होते, इटालियन, पोर्तुगीज, आजोबांच्या वयाचे. पण त्यांना कळायचं कसं? पहिल्या शनिवारी एक पोर्तुगीज जोडपं आलं आणि चार पेट्या घेऊन गेलं. रविवारी कोणी आलं नाही. ऊन रखरखत होतं आणि मणी सुकत चालले होते. मावशी संध्याकाळी बागेतून फिरताना दिसत, कोटाचे खिसे मुठींनी भरलेले.

दुसऱ्या आठवड्यात आजोबांनी, कोणाशी काही न बोलता, फोन धरला. चर्चमधल्या माणसांना, बोचे हा इटालियन चेंडूंचा खेळ खेळणाऱ्या जोडीदारांना, सॅन होजेच्या चुलत भावाला, ओकलंडच्या त्याच्या व्याह्याला. हे आम्हाला नंतर कळलं. त्याच आठवड्यात रेडिओवर सांगितलं, सोमवारी पाऊस. सप्टेंबरचा पाऊस झिनफंडेलला फार वाईट. घड इतका दाट असतो की पाणी आत शिरलं की दोन दिवसांत सडतो. मी मंडळातल्या काकूंना फोन केला. नवऱ्याने ऑफिसमध्ये सांगितलं. मावशींनी स्वतः एकच फोन केला, डेव्हिसच्या त्या मुलाला.

"उत्तर अजून सापडलं नाही," त्या म्हणाल्या. "पण पाऊस येऊन राहिला."

"मग मी फक्त तोडतो, ताई," तो म्हणाला आणि त्याचे चार मित्र घेऊन शनिवारी उजाडताच हजर झाला.

तो शनिवार-रविवार मी विसरूच शकत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिकअप ट्रक लागले. म्हातारे इटालियन आपापल्या वाकड्या सुऱ्या घेऊन आले होते आणि तोडता तोडता सांगत होते, की आपले वडील शिकागोत रेल्वेच्या यार्डात पेट्या उतरवायला जात, त्या पेट्यांवर हेच नाव असायचं. की लहानपणी घराच्या तळघरात याचाच वास असायचा. फ्रीमाँटहून मराठी कुटुंबं आली, डब्यांत पुरी-भाजी घेऊन. त्यांची मुलं नव्या स्नीकर्समध्ये वाळूत पळत होती, आई म्हणायची, "अरे, खाऊ नको, धुतलेलं नाही," आणि मूल म्हणायचं, "इट्स सो स्वीट, आई," आणि तोंड जांभळं. पुण्याचे ते जाणकार गृहस्थसुद्धा आले, कोट काढून, बाह्या सारून, आणि मावशींनी त्यांना सगळ्यात लांबची रांग दिली. मावशी वाटेवर उभ्या राहून हात उंचावून ट्रक वळवत होत्या. आजोबा गॅरेजमधली हाताने फिरवायची चरकी बाहेर काढून बसले होते, मावशींच्या बागेतून आपल्या वाट्याला आलेला माल पिळत. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि ते कोणाला तरी काहीतरी ओरडून सांगत होते, इटालियनमध्ये, हसत.

रविवारी सूर्य खाली आला तेव्हा एकही घड वेलीवर उरला नव्हता. सोमवारी पाऊस आला. मावशी लॅबला गेल्या नाहीत. व्हरांड्यात खुर्ची टाकून, शेंगदाणे खात, रिकाम्या बागेवर पडणारा पाऊस बघत बसल्या. मी विचारलं, काय वाटतं? म्हणाल्या, "पडू दे. आता त्याला इथे काही काम नाही."

पुढच्या वर्षी दार रंगवावं लागलं नाही. लोक ऑगस्टमध्येच फोन करू लागले. त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात, पिंपात मुरलेली ती पहिल्या वर्षीची वाइन आजोबांनी जत्रेला नेली. आमच्या जिल्ह्याच्या जत्रेत घोडे, डुकरं, लोणची, गोधड्या अशा सगळ्यांच्या स्पर्धा असत, तशी घरगुती वाइनचीही. बाटलीवरचं नाव झाकून परीक्षक चाखतात. आजोबा सबंध दुपार मंडपाबाहेर सिगार न पेटवता चावत होते. निकाल सांगितला तेव्हा त्यांना ऐकू आलं नाही, मला त्यांच्या कानात ओरडावं लागलं. लाल वाइनमध्ये पहिला नंबर, आणि सगळ्या वाइनमध्ये पहिला नंबर.

ते व्यासपीठावर गेले आणि त्यांनी मावशींना हात धरून वर ओढलं. मावशी पांढऱ्या पातळात होत्या, कोट घरी. परीक्षकांपैकी एकाने त्यांच्या हातात पेला दिला आणि माइक पुढे करून विचारलं, आपल्या द्राक्षांची वाइन कशी लागली? मावशींनी सांगितलं, मी पीत नाही. लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. मग मावशींनी पेला नाकाशी धरला आणि डोळे मिटले. बराच वेळ.

"काळी मिरी," त्या म्हणाल्या. "थोडा गूळ. आणि करवंद."

करवंद म्हणजे काय, हे त्यांना माइकवर समजावून सांगावं लागलं. काटेरी झुडूप, डोंगराच्या उतारावर, चीक हाताला लागतो, सगळं. त्यांनी घाई केली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या करवंदालाही होत्या असं मला वाटतं. पेला त्यांनी आजोबांना दिला, आणि आजोबांनी तो तिथेच एका दमात संपवला.

पुढल्या आठवड्यात वायनरीचा तोच माणूस टोपी हातात घेऊन आला. लाल झिनफंडेलला पुन्हा मागणी येईलसं दिसतंय, करार करू, म्हणाला. मावशींनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, की माल यंदाही आहे, पण तुमच्यासाठी नाही. त्याने कोणासाठी विचारलं. मावशी म्हणाल्या, "ज्याला तिन्ही मणी चालतात त्याच्यासाठी."

तो माणूसही सापडला होता. जत्रेतल्या परीक्षकांपैकी एक, डोंगरात लहानशी वायनरी चालवणारा, दाढीवाला तरुण. तो दोन वेळा येऊन बाग बघून गेला, बुंध्यांना हात लावून लावून. दर वर्षी सगळा माल घेईन म्हणाला, आणि इतर कशात न मिसळता निराळी वाइन करीन. फक्त बाटलीवर घालायला बागेचं नाव हवं. आम्ही सगळे व्हरांड्यात बसलो होतो. त्याने सुचवलं, डॉक्टरांचं नाव घालू. आजोबा लगेच हो म्हणाले.

मावशींनी आजोबांना विचारलं, "हे वेल लावले कोणी?"

"माझ्या बापाने," आजोबा म्हणाले. ते नेहमीच तसं म्हणत.

"तुमचा बाप त्या वर्षी कुठे होता?"

आजोबा बोलायला गेले आणि थांबले. बाप त्या वर्षी डोंगरात रेल्वेच्या कामावर होता. महिन्यातून एकदा घरी यायचा. ते हळूहळू म्हणाले, की मी तान्हा होतो, मला काय आठवणार, पण थोरली बहीण सांगायची, आईने मला पाठीला बांधलं होतं आणि बादलीने एकेका काडीला पाणी घातलं होतं, पहिला सगळा उन्हाळा. मग ते म्हणाले, "हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही."

"नाव काय तिचं?"

"रोझा."

दाढीवाल्या तरुणाने मान डोलावली आणि ते नाव लिहून घेतलं.

पहिली बाटली आली तेव्हा आम्ही लोडाय सोडायच्या बेतात होतो, नवऱ्याला पूर्वेकडे नोकरी मिळाली होती. आजोबांनी चष्मा लावून लेबलवरून बोट फिरवलं. रोझाचा मळा, झिनफंडेल. त्यांनी बाटली उघडू दिली नाही. म्हणाले, मला कबरस्तानात न्या. मावशींनी आपला जुना ट्रक काढला. त्या इतक्या सावकाश चालवत की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून पुढे जात. आजोबा मध्ये बसले होते, बाटली मांडीवर आडवी धरून.

कबर आईबापांची एकत्र होती. दगडावर बापाचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत कोरलेलं आणि त्याखाली, गवताला टेकेल इतकं खाली, 'आणि पत्नी'. मावशींनी बूट काढले. आजोबांना वाकणं जमत नव्हतं, म्हणून मी त्यांचा दंड धरला आणि त्यांनी बाटली दगडाशी उभी केली. मग त्यांनी हातरुमालाने नाक पुसलं आणि ट्रककडे चालायला लागले.

मावशी मागे राहिल्या. त्या वाकल्या आणि त्यांनी बाटली जराशी फिरवली, नाव रस्त्याकडे येईल अशी.